तुरीतल्या मानसाले जयभीम

आमच्या गावात माह्यासारखी नजर कोनाची नाही. मालेगावच्या रस्त्यानं गाडी येऊन राह्यली की कोनाची ते मी फाट्यावरूनच सांगतो. मांगच्या महिन्यात बुजगावन्याले जयभीम घातला.

एकडाव नाही, तीनडाव. हात वर करून. त्यानं काही घेतला नाही, त घरी येऊन बायकोपाशी तणतण केली, "आपल्या तुरीत कोन उभा हाय? लय माज आला त्याले. जयभीम घेत नाही."

ती म्हणे, "अवो, ते बुजगावनं व्हय. रोही तूर खाऊन जातात म्हनून मीच उभं केलं. तुमचाच शर्ट हाय त्याच्या आंगात."

आता खरं सांगाच लागते. तीन सालाआंधी मले रक्ताची बिमारी झाली. नागपूरच्या दवाखान्यात मोठ्या बहिणीच्या, ताईच्या, हाडातला मगज माह्यात टाकला, तवा वाचलो. घरी सोडताना डाक्टरनं बजावलं होतं, हा मगज कधी कधी डोयाशी भांडते, डोये कोरडे पडतात. थेंब टाकत जा. धुकट दिसलं की लगेच ये.

धुकट दिसून सहा महिने झाले होते. सांगतलं असतं त मोटरसायकलची चावी गेली असती. बायकोनं चा आनला की म्या कप चाचपून घ्यावा अन म्हनावं, गरम हाय का पाहून राह्यलो.

बुजगावन्याचं ताईच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं मले डोयाच्या दवाखान्यात नेलं. भिंतीवर नजर तपासाचा तक्ता.

म्या म्हटलं, "डाक्टरसाहेब, मी शिकेल नाही."

"हा न शिकलेल्यांसाठीच आहे. चिन्हाचे दांडे कुणीकडं, ते बोटानं दाखवा."

माह्या आंधीची म्हातारी मोठ्यानं बोलत होती, ते म्या पाठच करेल होतं. वर, डावीकडं, खाली, उजवीकडं. धडाधड दाखवलं.

डाक्टर म्हणे, "हे मघाच्या आजीचं उत्तर झालं. तक्ता मी उलटा केलाय."

मंग त्यानं बॅटरी लावून डोये पाह्यले. डाव्यावर व्रण पडले, तिथली गेलेली नजर वापस येत नाही म्हणे. उजवा वाचते, पन दर दोन तासाले थेंब, अन गाडी बंद.

चावी ताईच्या हातात देल्ली. मंग म्हटलं, "ताई, लहानपनी तू बाहेरून बोचकारे, आता आतून बोचकारून राह्यली."

तिनं माही मान मांगं केली, उजव्या डोयात थेंब टाकला अन म्हणे, "चुकलंच माहं. हाडातला देल्ला, डोक्यातला मगज द्याले पाह्यजे होता."