डायलिसिसच्या सिस्टर

बाबांना डायलिसिससाठी रोह्याहून पेणला नेतो, तिथल्या या सिस्टर. मोजकंच बोलतात. सुई लावताना "टोचते हां," एवढंच.

एका सकाळी शेजारच्या खाटेवरच्या नागोठण्याच्या मावशी गेल्या. सिस्टरनी ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसलं, "मावशी, केस विंचरते हां," म्हणत केस विंचरले आणि मगच त्यांच्या मुलाला आत बोलावलं. मावशींना नेल्यावर सिस्टर कोपऱ्यात बसून भाकरी खाऊ लागल्या. मला कसंसंच झालं. त्यांनी ते ओळखलं.

"जेवले नाय तर हात थरथरतात," त्या म्हणाल्या. "बाबांना सुई लावायचीय अजून."

डबा बंद करून त्या आल्या, तेव्हा बाबांनी विचारलं, "पोटभर जेवलीस ना गो?"

"व्हय," म्हणत त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. बाबा हात पुढे करून थांबून राहिले.