शिडाचं पोट

शिडाची बोट मी पहिल्यांदा पाहिली ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, धरणाच्या काठावर, आणि ती मला अर्धवट वाटली. तिला इंजिन नव्हतं. वल्हंही एकच, तेही अडचणीपुरतं. मग ही वाऱ्याच्या उलट दिशेनं परत कशी येते, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे आपल्याला माहीत नाही ते बाकी सगळ्यांना माहीत असणार, असं मी धरून चालायचे आणि गप्प बसून बघायचे.

तरी मी कॉलेजच्या शिडाच्या बोटीच्या संघात नाव दिलं. तिथं शिकवणारे आमचे सर नौदलातून निवृत्त झालेले. त्यांनी एके दिवशी न विचारताच सांगितलं. वारा मागून आला की शीड ढकललं जातं, ते कुणालाही कळतं. पण वारा तिरका समोरून येतो तेव्हा शीड पक्ष्याच्या पंखासारखं काम करतं. त्याच्या फुगीर अंगावरून वारा वळून जातो आणि बोट पुढे ओढली जाते. त्या फुगीरपणाला सर शिडाचं पोट म्हणायचे. पोट फार झालं तर बोट नुसती कलते. कमी झालं तर मरगळते. आणि ते डोलकाठीपासून थोडं मागे, पण मध्याच्या पुढे असायला हवं. हे सांगताना त्यांनी हाताचा तळवा किंचित वाकवून धरला होता. तो हात मला अजून दिसतो.

शिडाच्या दोन्ही बाजूंना लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात. वारा नीट वाहत असला की दोन्ही धागे सरळ मागे उडतात. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजाकडे नवं शीड होतं. त्यांच्या बोटीमागून जाताना मी ते धागे पाहायचे, दोरीनं बांधल्यासारखे सरळ. बोट आमच्यासारखीच, वारा तोच, वजनानंही त्या मुली आमच्याएवढ्याच. तरी त्या हळूहळू पुढे निघून जायच्या. मला हेवा वाटायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला ते शीड बघतच राहावंसं वाटायचं. आमचं शीड जुनं, ताणून ढिलं झालेलं. त्याचं पोट मागे सरकलेलं. आमचा मागचा धागा सारखा गरगर फिरायचा.

बोटीतली माझी जोडीदारीण रोहणा गावची. पुढचं लहान शीड ती सांभाळायची आणि तोंड सतत चालू. "अवं, हा धागा पाय! भोवरा होऊन राह्यला," ती म्हणायची. "आपन बोट चालवून राह्यलो का धागा?"

दुसऱ्या वर्षी धरणावर पाच कॉलेजांची शर्यत ठरली. पहिली येणारी एकच बोट राज्यपातळीवर समुद्रावर जाणार होती. मी समुद्र पाहिलेला नव्हता. ती शर्यत मला किती हवी होती, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सरांनी ओळखीतून एका मोठ्या बोटीचं बाद झालेलं शीड मिळवलं. कडेनं ते विरलं होतं, पण मधलं कापड अजून कडक, कुरकुर वाजणारं होतं. त्यातून आमच्या मापाचं शीड निघालं असतं. सर म्हणाले, "पण जाड कापडावर एकसारखी शिवण घालणारा माणूस पाहिजे."

मी वर्गात स्वतःहून कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलले. "सर, माझे बाबा शिवतात."

बाबांचं दुकान कारंजाला, हायवेवर, ढाब्याला लागून. ते ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात. आई घरी ब्लाउज शिवते. मी आणि सरांनी वर्गाच्या फरशीवर कापडाचे पट्टे आखले. प्रत्येक पट्ट्याची कड खडूनं किंचित बाकदार काढली, कुठे बोटभर, कुठे दोन बोटं. त्या बाकामुळेच पट्टे जोडल्यावर पोट येणार होतं. घडी एसटीत मांडीवर घेऊन मी घरी गेले.

बाबांनी कापड दोन बोटांत चोळलं. "आसं कापड जिंदगीत हाती नाई आलं," ते म्हणाले. मग दुकानापुढे ते पसरलं आणि खडूच्या रेघा पाहून हसले. "हे वाकडं कोनं काढलं वं? तू?"

"सरांनी अन् मी."

"मास्तर मानसाची रेघ आशीच राह्यते. थांब, सरळ करून देतो."

त्यांनी लोखंडी पट्टी ठेवली आणि पांढऱ्या खडूच्या बाकावर निळ्या खडूनं सरळ रेघ मारली. यात त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. ताडपत्रीला पोट सुटलं की त्यात पाणी साचतं, वारा शिरून ती फडफडते आणि फाटते. पोट येऊ न देणं हाच त्यांच्या हाताचा तीस वर्षांचा धंदा. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी कात्री चालवली. मी म्हटलं, "बाबा, ती रेघ..."

"काय?"

"काई नाई."

शीड फार सुंदर झालं. टाके एकसारखे, कोपऱ्यांना तिहेरी कापड, पितळी कड्या घट्ट बसवलेल्या. आम्ही ते चढवलं आणि ते दारासारखं सपाट उभं राहिलं. मंद वाऱ्यात बोट जागची हलेना. जोडीदारिणीनं वल्हं हातात घेतलं.

सरांनी शिवणीवरून बोट फिरवलं. "असं काम मी गोदीतही कमी पाहिलं आहे," ते म्हणाले. "पण बाक गेला. तू सांगितलं नव्हतंस का त्यांना?"

मी शीड खाली घ्यायला लागले.

"शर्यतीला दहा दिवस आहेत. जुन्या शिडावर आपण तिसरे-चौथे येऊ. जा, सांग त्यांना."

एसटीत मी ते वाक्य जुळवत बसले. बाबा, शीड सपाट झालं. बाबा, सर म्हणत होते. कुठलंच वाक्य नीट वाटेना. बाबांच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं ते पहिल्यांदा ठेवावं, हे मला फार वाईट वाटत होतं. म्हणून घरी आधी आईला सांगितलं.

आईनं सुईत दोरा ओवता ओवता ऐकलं. "मंग मले काऊन सांगून राह्यली? शिवलं त्यायनं. त्यायले सांग."

"तू सांग ना."

"मी नाई. तुह्या बोटीचं आहे."

बाबा जेवायला आले. मी सांगितलं. एका दमात, चुकीच्या जागी थांबत, पण सांगितलं. रेघा वाकड्या नव्हत्या, मुद्दाम तशा होत्या. तुम्ही सरळ करत होतात तेव्हा मला कळत होतं आणि मी बोलले नाही.

बाबांचा घास हातातच राहिला. "कळत होतं?"

"हो."

"मंग तोंड शिवून घेतलं होतं काय?" ते चिडले ते माझ्या गप्प राहण्यावर, हे मला जरा उशिरा कळलं. "दोन दिवस बसलो मी मशीनवर. अन् हे म्हने पोट पाह्यजे! पोट काढून शिवाले मी येडा आहो काय?"

तेव्हा आई हसली. "अवो, टक्स न देता ब्लाउज शिवला तं बाईच्या अंगात बसन काय? कापड सपाट राह्यते. त्याले गोलाई द्या लागते."

तिनं शीड अंगणात अंथरायला लावलं. दोन पट्ट्यांच्या जोडावर, अगदी कडेला, तिनं कापड दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि थोडं आत दुमडलं. मधलं कापड जमिनीवरून अलगद वर उठलं. तिनं चिमूट सोडली, ते खाली बसलं. पुन्हा धरली, पुन्हा उठलं. बाबा उकिडवे बसून पाहत राहिले.

"म्हंजे कडेले जास्त दाबाचं, मधात कमी," ते म्हणाले.

"हो तं."

"कापलेलं वाया नाई गेलं मंग."

"नाई. शीड बोटभर लहान होईन, बस."

मी सरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "मोठ्या कारखान्यातही अशीच जोडणी करतात. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग."

बाबांनी सगळी शिवण उसवली. स्वतःचे टाके त्यांनी स्वतः काढले. मग आई जोडाच्या कडेला दाब किती घ्यायचा ते टाचण्या लावून दाखवायची, पोट कुठे हवं ते मी वहीतून वाचून सांगायची आणि बाबा मशीन चालवायचे. एक ट्रकवाला चहा पिता पिता येऊन उभा राहिला. "उस्ताद, ये कौनसी गाडी की ताडपत्री है?"

"बिना इंजन की," बाबा म्हणाले. "डिझेल नहीं पीती."

"मेरे को भी दिला दो एक!"

शर्यतीच्या दिवशी वारा अगदी हलका होता. बाबा कारंजाहून आले, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि काठावर लोकांपासून जरा लांब उभे राहिले. आम्ही सुटताना तिसऱ्या होतो. सुरुवात माझीच बिघडली, मी बावरले होते. पण वाऱ्यावर तिरकं चढायला लागलो तेव्हा हातातल्या दोरीला ओढ जाणवली. हिसका नव्हता. सारखी, शांत ओढ, जशी गाईचं दावं धरल्यावर लागते. शिडाचं पोट डोलकाठीच्या थोडं मागे भरून उभं होतं, सरांच्या तळव्यासारखं.

"अवं!" जोडीदारीण ओरडली. "धागे पाय! दोनी सरळ! दोनी!"

"ओरडू नको, बोट हलते."

"मी कुठी ओरडून राह्यली!" ती ओरडली.

दुसऱ्या फेरीत आम्ही एका बोटीला गाठलं. शेवटच्या चढणीला नव्या शिडाची ती बोट आमच्या पुढे होती, आणि मग शेजारी आली. कितीतरी वेळ आम्ही बरोबरीनं चाललो होतो. त्यांची चालवणारी मुलगी आमच्या शिडाकडे वर पाहत होती, जशी मी वर्षभर त्यांच्याकडे पाहत होते. मग त्या एक हात मागे पडल्या. मग दोन. सगळं शिडामुळेच झालं असं म्हणणं बरोबर नाही, वाऱ्याची एक झुळूक आम्हाला आधी मिळाली. पण ती झुळूक धरून ठेवली ती त्या शिवणीनं. आम्ही एका बोटीच्या अंतरानं पहिल्या आलो.

काठाला लागलो तेव्हा सर बाबांचा हात हातात घेऊन काहीतरी बोलत होते. बाबांनी मान हलवली, पाण्यात गुडघाभर आले आणि अभिनंदन वगैरे न करता शिडाकडे बोट दाखवलं. डोलकाठीला लागून बारीक आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या.

"हे काऊन सुरकुतलं? समुद्रावर न्याच्या आधी आन घरी. ताणून देतो."

"नको बाबा," मी म्हटलं. "वारा कमी असला की तिथं मुद्दाम ढिलं ठेवतात. वारा वाढला की खालची दोरी ओढायची, सुरकुती जाते. ताणून शिवलं तर हलक्या वाऱ्यात मार खाऊ."

मी एवढं न अडखळता बोलले होते. बाबांनी सुरकुत्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग राहू दे," ते म्हणाले, आणि शीड उतरवायला त्यांनी दुसरं टोक धरलं.