पांढऱ्याशुभ्र पिशव्या

लाखनीजवळच्या राईस मिलमध्ये पार्वताबाई बारा वर्षं धानाची पोती यंत्राला धान पुरवणाऱ्या खड्ड्यात ओततेय. पोतं ओतलं की धूळ अशी उसळते की शेजारचं माणूस दिसत नाही. नाकात धूळ, कानात धूळ, डब्यातल्या भाजीत धूळ. थुंकलं की काळपट गोळा पडतो. शी! स्वतःचं तिला काही वाटेनासं झालं होतं. पण तीन महिन्यांपूर्वी सून रुचिता त्याच खड्ड्यावर लागली, पोरीची छाती वाजू लागली आणि सासूचं डोकं फिरलं.

धूळ ओढणारा पंखा तिथं बसवलेला आहे बरं! जाडजूड पाइप, पेटीत धूळ अडवायच्या कापडी पिशव्या, सगळं जिथल्या तिथं. फक्त मालक केशवराव तो लावत नाहीत. वीज खातो म्हणे. त्यांच्या ऑफिसातला एसी मात्र दिवसभर घुरघुरतो. काय म्हणावं असल्या माणसाला!

परवा तपासणीचे साहेब आले. त्यांच्यासाठी काम थांबवलेलं. केशवरावांनी पेटीचं दार उघडलं. "पाहा, कसं स्वच्छ ठेवतो आपण!"

पिशव्या खरंच दुधासारख्या पांढऱ्या. भिंती मातकट, बायकांच्या पापण्यासुद्धा मातकट, आणि धूळ गिळायची तीच वस्तू तेवढी कोरी! आंधळ्यालाही कळावं. साहेबांनी मात्र लिहिलं आणि मोठ्यानं वाचलंही, "यंत्रणा स्वच्छ, सुस्थितीत."

पार्वताबाई पुढं झाली. तिनं पोतं उचललं आणि साहेबांच्या पायाशीच खड्ड्यात रिकामं केलं.

साहेब खोकून खोकून लालबुंद झाले. "अहो, पंखा लावा ना लवकर!"

केशवराव धावले. पंखा घरघरला, धूळ सरसर वर ओढली गेली.

"पाहा साहेब," पार्वताबाई म्हणाली, "तुमी एक डाव खोकलले तं पंखा लागला. माही सून तीन महिने खोकलून राहिली, तिच्यासाठी काहून नाही लागत?"

साहेब रुमालानं तोंड पुसत गाडीत बसले. गाडी फाटकाबाहेर पडली न पडली तोच केशवरावांनी बटण बंद केलं. "चला, कामाला लागा!"

रुचिता सवयीनं पोत्याकडे वळली. सासूनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"सोड ते. चाल घरी."

आणि केशवरावांच्या तोंडाकडे बघत ती थुंकली.