विचारलं की अडणारं मशीन

बाबांचं शुगर तपासायचं मशीन मीच ऑनलाइन मागवलं होतं, स्वस्त मिळालं म्हणून. त्याच्या पडद्यावर फक्त शेवटचा आकडा दिसतो. जुने आकडे हवे असतील तर मशीन पेनड्राइव्हसारखं कॉम्प्युटरला लावायचं. लावलं की कॉम्प्युटर जागच्या जागी थिजायचा. सॉफ्टवेअरवर पोट भरते मी, आणि घरातलं एवढंसं डबडं मला जुमानत नव्हतं. डोकं फिरायचं माझं.

आकडे तर लागणारच होते. बाबांचा शुगरचा रिपोर्ट वाढलेला आला होता आणि डॉक्टर रात्रीचं इन्सुलिन वाढवायच्या बेतात होते. त्याआधी रोजचे आकडे आणा म्हणाले. बाबांना विचारण्यात अर्थ नव्हता. कोराडीच्या वीज केंद्रात सगळी नोकरी ‘सब ठीक’ कळवण्यात गेलेला माणूस. तब्येत विचारली की ठणठणीत. आणि इकडे धुवायच्या शर्टाच्या खिशात संत्रागोळ्यांचे कागद! मी खिसे रिकामे करायची, वर हुडकेश्वरच्या आमच्या दुकानदारालाही त्यांना गोळ्या देऊ नका म्हणून बजावलं होतं.

एका रविवारी ठाण मांडून बसले तेव्हा खोट सापडली. कॉम्प्युटरनं ‘तुझ्यात खोल्या किती’, म्हणजे आकडे साठवायच्या जागा किती, असं विचारलं की मशीन एक खोली जास्त सांगायचं. कॉम्प्युटर बिचारा त्या शेवटच्या खोलीचं दार वाजवत बसायचा, आणि तिथे खोलीच नाही. ठरल्या नियमानं वागणारं मशीन असं करत नाही. पण त्याच्याशी भांडून काय मिळणार? मी कॉम्प्युटरला एका ओळीत सांगून ठेवलं, हे मशीन जे सांगेल त्यातून एक वजा कर आणि पुढे चल.

आकडे भराभर उतरले. दुपारचे, रात्रीचे जास्त होते. पहाटेचे मात्र धोक्याइतके कमी, पंचावन्न, साठ, कधी त्याहून खाली. थोड्या वेळानं पुन्हा तपासलेलं, तेव्हा नव्वदच्या वर. त्या मधल्या वेळात संत्रागोळी होती. रात्रीचं इन्सुलिन आणखी वाढलं असतं तर?

बाबा बाल्कनीत बसले होते. मी काही न विचारता कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

“पहाटे हातपाय कापतात वं,” ते म्हणाले. “गोळी चघळली का बरं वाटते. तुले सांगितलं असतं तर तू रातभर जागत बसली असती.”

रागवायचं होतं मला. रडूच आलं.

डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केला, दुपारचं औषध बदललं. आता झोपण्याआधी मीच त्यांच्या खिशात दोन संत्रागोळ्या ठेवते. सकाळी कसं वाटतं ते विचारत नाही, चहा देताना खिसा चाचपते. हल्ली दोन्ही गोळ्या तशाच असतात.