मेला आणि रव्याचा लाडू

अमेरिकेत शुगर लँडला असताना नवऱ्याला डबे शोधायचं वेड लागलं. कुणीतरी परका माणूस रानात डबा लपवतो, त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो, आणि आपण हातातल्या जीपीएसकडे बघत काट्याकुट्यांतून तो शोधायचा. याला जिओकॅशिंग म्हणतात. घरात ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, तो माणूस दर शनिवारी यासाठी आम्हाला नेचर पार्कात न्यायचा.

त्या वर्षी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. 'मेला' या शब्दावाचून त्यांचं पान हलत नसे. मेला मायक्रोवेव्ह, मेला जीपीएस, आणि त्या आठवड्यात माझे मेले रव्याचे लाडू. पाक पुढे गेला होता, हे मलाही कळत होतं. पण त्यांनी एक लाडू ताटलीत टाकून त्याचा आवाज सगळ्यांना ऐकवला, ते मला फार लागलं. त्यांच्या तोंडून एकदा तरी 'बरा झालाय' ऐकायचंच, असं मी मनाशी धरून बसले होते.

शनिवारी डबा सापडला. नियम असा, की आतलं काही घेतलं तर बदल्यात काही ठेवायचं. लेकीनं प्लास्टिकचा बेडूक उचलला. आम्ही खिसे चाचपतोय तोवर सासूबाईंनी पिशवीतून माझा लाडू काढून आत ठेवला.

"कुणाचा डबा रिकामा परत करू नये," त्या म्हणाल्या. "शिवाय हा टिकेल."

घरी येऊन नवऱ्यानं साइटवर वाचलं, तर डब्यात खाण्याचं ठेवायला सक्त मनाई. जनावरं येतात. "माझं अकाउंट बॅन करतील यार," असं म्हणत त्यानं रविवारी संध्याकाळी पुन्हा सगळ्यांना गाडीत घातलं.

झाकण बाजूला पडलं होतं. शेजारी मांजराएवढा, घुशीच्या तोंडाचा एक पॉसम माझा लाडू दोन्ही हातांत धरून कुरतडत होता.

"हड् मेल्या!" सासूबाई ओरडल्या.

पॉसम जागच्या जागी आडवा झाला. डोळे उघडे, जीभ बाहेर, आणि वास असा की जाऊन दोन दिवस झाले असावेत. सासूबाईंनी पॉसमकडे पाहिलं, मग लाडवाकडे, मग माझ्याकडे.

"मेला," त्या हळूच म्हणाल्या. हा शब्द त्यांनी खऱ्या अर्थानं वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकला. सुनेच्या लाडवानं जनावर गेलं, ही बातमी पुण्यात घरोघर पोचणार, या विचारानं मला रडूच फुटलं.

"आजी, ही इज जस्ट प्रिटेंडिंग," लेक म्हणाली. "घाबरला की तो असं करतो. शाळेत शिकवलंय." तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. सासूबाईंनी पाण्याची बाटली उघडली होती.

"मुखात पाणी तरी पडू दे बिचाऱ्याच्या."

"आई, चावेल तो," नवरा म्हणाला.

"मेलेला चावतो का?"

त्यानं त्यांना कसंबसं लांबच्या बाकावर नेऊन बसवलं. बऱ्याच वेळानं पॉसमचा एक कान हलला. मग मान वर झाली. तो उठला, आता झाडीत पळणार असं वाटलं, तर महाशय माघारी वळले, लाडू उचलला आणि शेवटच्या कणापर्यंत खाऊन बोटं चाटत बसले.

"मेला, मेलाच नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

 गाडीत पट्टा लावता लावता त्या म्हणाल्या, "एवढा घाबरला, तरी लाडवासाठी परत आला. बरा झाला असणार."

घरी गेल्यावर त्यांनी आपणहून एक मागून घेतला आणि चहात बुडवून खाल्ला.