कोरी चौकट

अमरावतीला आमच्या संघटनेनं चित्रकारांचा कार्यक्रम ठेवला होता. युरोपच्या प्रबोधनकाळातलं, आपल्याला हलवून सोडणारं एकेक चित्र प्रत्येकानं सांगायचं. पहिल्या दोघांनी आईची निळी शाल, देवदूत, खिडकीतला उजेड असलं मऊ मऊ सांगितलं. माझं डोकं फिरलं. तेल्हाऱ्याकडच्या एका गावात माणसाला झाडाला उलटं टांगून आठ दिवस झाले नव्हते, आणि इथं शालीचा रंग चालला होता.

शेवटी अकोल्याचा एक पेंटर उठला. भिंतींवर बियाण्यांच्या जाहिराती रंगवणारा, चाळिशीचा. त्यानं दाखवलेलं चित्र व्हेनिसच्या एका म्हाताऱ्यानं काढलेलं होतं. बकऱ्याच्या पायांचा एक जीव देवाशी वाद्य वाजवण्याची पैज हरला, म्हणून त्याला उलटं टांगून जिवंत सोलतायत. सोलणारा अगदी मन लावून सोलतोय. शेजारी एक जण वाद्य वाजवतोय, खाली कुत्रं रक्त चाटतंय. उजवीकडे एक म्हातारा तोंडाशी हात धरून नुसता पाहत बसलाय.

"लोक म्हनतात, थो म्हातारा म्हनजे चित्र काढनारा सोताच हाये," एवढं बोलून पेंटर खाली बसला.

मी तिथंच ठरवलं, तेल्हाऱ्याच्या प्रकरणावर आम्ही काढणार होतो त्या मोर्चाचा बॅनर ह्याच चित्राचा. फक्त टांगलेला माणूस आमचा हवा.

आमचा माणूस म्हणजे एक भाजीवाला, माझ्याच वयाचा. मोटारपंपाची तांब्याची तार चोरल्याचा आळ घेऊन त्याला कडुनिंबाला उलटा टांगला आणि पऱ्हाटीनं झोडला. कपाशीचं ते झाड ओलं असलं की मोडत नाही, वाकतं, आणि परतताना कातडं घेऊन येतं. पाठ फाटली. रक्त मानेवरून उलटं वाहत नाकात गेलं, ओरडतानाही त्याला ठसका लागत होता. बाजूच्या जीपमधली गाणी कोणी बंद केली नाहीत. हे मला ठाऊक आहे, कारण पत्रकं वाटायला मी त्या गावात गेलो होतो आणि व्हिडिओ मीच काढला. अकरा मिनिटांचा. त्यावरच गुन्हा दाखल झाला. पुढच्या पत्रकात मी ठळक छापलं: पुरावा आम्ही मिळवला!

पेंटर जाहिरात रंगवतो तसाच बॅनर रंगवत होता. गेरूत भिजवलेली सुतळी ताणून कापडावर चौकटी पाडायच्या आणि एकेक चौकट पुरी करत जायचं. चौथ्या दिवशी दुपारी मी अकोल्याला त्याच्या टिनाच्या शेडमध्ये गेलो. टांगलेल्याची पाठ आणि उजवीकडची एक चौकट, एवढंच कोरं होतं.

"हे कावून सोडलं?"

"इथं पाहनारा बसते. तू बस. मोबाईल काढ."

मी लाल रंगाचा डबा लाथेनं उडवला. त्याची कॉलर धरून त्याला टिनावर आपटलं, दोनदा. तू जाहिराती रंगवणारा, मला शिकवतोस? मी नसतो तर हे प्रकरण कोणाला कळलं असतं? त्यानं हात उचलला नाही. त्याच्या ओठातून रक्त आलं.

पाठ पाहून काढायची म्हणून त्यानं भाजीवाल्याला बोलावलं होतं. काठी टेकत तो नेमका तेव्हाच दारात आला. त्यानं कापड पाहिलं, कोरी चौकट पाहिली, मग माझी मूठ.

"सोड त्याले," तो म्हणाला. "भाऊ, मी तुयाकडंच पाहून राहिलो होतो. मारनारे पाठीमांगं होते, ते दिसतच नोते. तूच दिसे, उलटा. मले वाटे, आता मोबाईल खिशात टाकन, आता टाकन."

मी मध्ये पडलो असतो तर मलाही टांगलं असतं, पुरावाही गेला असता, असं मी सांगितलं. तेही खरं आहे, असं तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मग त्यानं सदरा काढला आणि पाठ पेंटरकडं करून स्टुलावर बसला. खपल्या अजून ओल्या होत्या.

मी रिकामा डबा उपडा घातला. त्यावर बसलो, मोबाईल काढून समोर धरला. नजर मात्र त्या पाठीवरून हलेना.

पेंटरनं बाहीनं ओठ पुसला, ब्रश उचलला.

"मान खाली घे," तो म्हणाला. "त्याच्याकडं नको पाहू. तवा तू मोबाईलातच पाहून राहिला होता ना?"