धोंडिबांचा नारळ

अंबाजोगाईहून युसूफ वडगावला निघताना नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर पुन्हा बजावलं, "गावात आपलं नाव सांगू नकोस." पणजोबा धोंडिबांवर चोरीचा आळ आला आणि गावानं त्यांना हाकललं, असं आमच्या घरात कुजबुजत सांगत. त्या लाजेपायी ऐंशी वर्षांच्या नानांनी गावाचं तोंड पाहिलं नव्हतं. मला मात्र खरंखोटं करायचं होतं.

काळी-पिवळी जीप गावाच्या तोंडाशीच पंक्चर झाली. समोरच पंक्चरचं दुकान होतं हमीदचाचांचं; ते सत्तरीचे, तोंडात सुपारी. ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता त्यांनी विचारलं, "कुणाकडं आलात, ताई?"

"इथले वडगावकर शोधतेय."

ते हसले. "हितं समदे वडगावचे, पण वडगावकर एकबी न्हाई. गाव सोडून गेल्यावर लोक तसं म्हणतेत. मूळ आडनाव काय?"

माझा चेहराच पडला. जन्मभर मिरवलेलं आडनाव गावाबाहेर चिकटलेलं होतं! शेवटी नानांचा शब्द मोडला. "पणजोबांचं नाव धोंडिबा. मारुतीच्या देवळामागं घर होतं, एवढंच ठाऊक आहे."

चाचांचा हात थांबला. "धोंडिबा गव्हाणे? त्यांचा नारळ तर आमीच घेतो की!"

जीप पुढे गेली, मी त्यांच्या घरी जेवायला थांबले. ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी (येसूर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ). पहिल्याच घासाला तिखटानं डोळ्यांत पाणी आलं. चाचींनी हसून गूळ पुढे केला.

जेवताना सगळं कळलं. मारुतीच्या जत्रेत पहिल्या नारळाचा मान गव्हाण्यांचा. विहीर आटली तेव्हा धोंडिबा कामासाठी बाहेर पडले आणि शेजाऱ्याला, म्हणजे चाचांच्या आजोबांना, सांगून गेले, मी येईस्तोवर आमचा नारळ तू घे.

"दरसाल पुजारी पुकारतो, धोंडिबा गव्हाणे! मग आमी पुढं होतो," चाचा म्हणाले.

"आणि ती चोरी?" मी भीत भीत विचारलं.

"कसली चोरी? चोराचं नाव कुणी देवापुढं पुकारतं का?"

मला रडू आलं, आणि या वेळी आमटीवर ढकलता येईना.

घरी परतल्यावर नानांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून हातात घेतलं. मग म्हणाले, "जत्रा कधी असते?"

"चैत्रात. चाचा म्हणाले, या साली नारळ तुम्हीच घ्या."

"नको. त्यांनीच घ्यावा. मी नुसता शेजारी उभा राहीन. मला ते नाव पुकारलेलं ऐकायचंय."